जखम किती मोठी होती? फोटो, फूटपट्टी आणि न्यायालय यांची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय थोडा जड आहे. जखमांबद्दल बोलायचंय. रक्ताची वर्णनं नाहीत, पण हिंसेच्या काही खऱ्या प्रकरणांचा उल्लेख येईल. ज्यांना नको असेल त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

सुरुवात घरातून करतो. आमचं मूळ गाव पाथर्डी तालुक्यात. नगर जिल्हा, म्हणजे आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं. काही वर्षांपूर्वी बांधावरून भांडण झालं. आमच्याकडे बांध कोरण्यावरून भांडण होणं ही काही बातमी नाही. पण यावेळी माझ्या चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या, डाव्या हाताला मोठी जखम झाली. दादाचं म्हणणं, समोरच्याने ऊसतोडीचा कोयता मारला. समोरच्याचं म्हणणं, झटापटीत हा स्वतःच तारेच्या कुंपणावर पडला.

रात्री दवाखान्यात नेलं, टाके पडले. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: डावा हात, सीएलडब्ल्यू. पुढे लांबी, रुंदी, खोली यांचे रकाने होते. ते कोरे.

बऱ्याच महिन्यांनी केस उभी राहायच्या सुमारास वकीलसाहेबांनी विचारलं, "फोटो आहेत का?" होते ना! टाके घालण्याआधी पुतण्याने मोबाइलवर चार फोटो काढले होते. वकीलसाहेबांनी ते पाहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "जखम किती मोठी होती, यातून कसं सांगणार?"

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण मी कॉम्प्युटरवाला. त्यातही माझं कामच फोटोतून मापं काढण्याचं आहे. कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या सुट्या भागांचे कॅमेरा फोटो घेतो आणि आमचं सॉफ्टवेअर भोक किती मिलिमीटरचं आहे ते सांगतं. अण्णा, म्हणजे दादाचे वडील, म्हणाले, "हे तर तुझं रोजचं काम. सांग की मोजून."

त्या फोटोंशी मी दोन रात्री झगडलो. त्यातून जे वाचन सुरू झालं, तो आजचा भाग.

कागदावरचे तीन शब्द

आधी ते सीएलडब्ल्यू म्हणजे काय ते बघू. त्याचा अर्थ होतो मुका मार लागून फाटलेली जखम. दगड, काठी, जमिनीवर आपटणं अशा बोथट गोष्टींनी कातडी फाटते तेव्हा कडा वेड्यावाकड्या होतात, आजूबाजूला खरचटतं, आणि जखमेच्या आत या कडेपासून त्या कडेपर्यंत काही धागे, तंतू शाबूत राहतात. धारदार हत्याराने कापल्याची जखम वेगळी असते. कडा स्वच्छ, मध्ये एकही धागा नाही, आणि साधारणपणे लांबी खोलीपेक्षा जास्त.

न्यायवैद्यकाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हा फरक पहिल्या काही पानांत येतो. भारतात हे शास्त्र जुनं आहे. नॉर्मन चेव्हर्स यांचं बंगाल आणि वायव्य प्रांतासाठीचं न्यायवैद्यकाचं पुस्तक १८५६ सालचं. जयसिंग मोदी यांचं पाठ्यपुस्तक १९२० मध्ये आलं आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही वकील आणि डॉक्टर वापरतात. तरीसुद्धा घाईच्या ड्युटीवर कुठल्याही उघड्या जखमेला सीएलडब्ल्यू लिहून मोकळं व्हायची सवय आहे, आणि न्यायवैद्यक शिकवणारे त्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करतात.

आमच्या केसमध्ये या तीन अक्षरांचा अर्थ असा झाला की डॉक्टरांच्या कागदानेच कोयता नाकारला. आता उरले फक्त फोटो. आणि फोटोत फ्लॅशमुळे जखमेच्या कडा पांढऱ्या पडलेल्या.

पॅरिसचा कारकून

फोटोतून माप काढायची कल्पना मूळची इमारतींची. १८५८ साली जर्मनीत वेट्झलार गावातल्या एका मोठ्या चर्चची मापं घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर नावाचा तरुण वास्तुतज्ज्ञ उंचावरून पडता पडता वाचला. त्याच्या मनात आलं, भिंतीवर लटकून मोजण्यापेक्षा भिंतीचा फोटो काढून त्यावरच मोजलं तर? फोटोग्रामेट्री हा शब्द त्याने १८६७ मध्ये रूढ केला. फोटोवरून मोजणी, एवढाच त्याचा अर्थ.

ही कल्पना गुन्ह्यांच्या तपासात आणली आल्फोन्स बर्तियों याने. हा १८७९ मध्ये पॅरिसच्या पोलिस खात्यात साधा कारकून म्हणून लागला. कैद्यांची वर्णनं उतरवायचं काम. आणि ती वर्णनं कशी? मध्यम बांधा, साधारण चेहरा, गहू वर्ण. आपल्याकडच्या हरवल्याच्या जाहिराती आठवा. यातून माणूस कसा सापडणार? बर्तियोंने ठरवलं की शब्द बंद, आकडे चालू. डोक्याची लांबी, डाव्या पायाचं माप, मधल्या बोटाची लांबी अशी अकरा मापं. त्याला लवकरच यश आलं आणि त्याची पद्धत जगभर गेली. आपल्याकडे बंगालमध्येही १८९० च्या दशकात ती वापरली गेली.

नंतर त्याने हीच शिस्त खुनाच्या जागेला लावली. उंच तिकाटण्यावर कॅमेरा, भिंग खाली रोखलेलं, जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर. फोटो छापायचा तो कडेला मापाच्या खुणा असलेल्या कागदावर. भिंगाची आणि कॅमेऱ्याच्या उंचीची माहिती असल्यामुळे खोलीतलं अंतर फोटोवरून काढता यायचं. शव हललं, खोली धुतली, घर विकलं गेलं, तरी माप शिल्लक.

मला हे वाचताना गंमत वाटली. आम्ही कारखान्यात कॅमेरा बसवला की पहिलं काम हेच करतो. कॅमेरा कुठे आहे, भिंग कोणतं आहे, ते आधी ठरवायचं. तो भाग चुकला की पुढचं सगळं गणित बिनकामाचं.

पण बर्तियोंच्या गोष्टीचा दुसरा अर्धाही सांगितला पाहिजे. १८९४ मध्ये फ्रान्सच्या लष्करातल्या आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू कप्तानावर हेरगिरीचा आरोप आला. पुरावा म्हणजे एक हस्तलिखित चिठ्ठी. बर्तियों हस्ताक्षराचा तज्ज्ञ नव्हता. तरी तो साक्षीला उभा राहिला. चिठ्ठीवर पट्ट्या टाकून, अक्षरांची अंतरं मोजून, त्याने असं सिद्ध केलं की ड्रेफसने स्वतःच्याच अक्षराची मुद्दाम नक्कल केली आहे. म्हणजे अक्षर जुळलं तर ड्रेफस दोषी, आणि नाही जुळलं तर त्याने ते मुद्दाम बदललं, म्हणून दोषी! ड्रेफसला निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडावं लागलं.

मापं नीट घेणारा माणूस, पण त्या मापांवरून काय म्हणता येतं याची मर्यादा सुटली. हा धागा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

जखम लिहिली नाही, म्हणजे झालीच नाही?

आता महाराष्ट्रात येऊ. २६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता गडचिरोलीत येणारं देसाईगंज. पोलिस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. कायद्याच्या पुस्तकात या खटल्याचं नाव तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य असं आहे. तिची वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. अंगावर इजा नाही, असं डॉक्टरांच्या अहवालात आलं.

सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं. घाबरून गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, म्हणजे जबरदस्ती झाली नाही, असा तर्क त्यात होता.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन झालं, १९८३ मध्ये कायदा बदलला. प्रतिकाराच्या खुणा नाहीत एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे आज कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

या खटल्याचा मूळ मुद्दा संमतीचा आहे, फोटोचा नाही, हे मला कळतं. कॅमेरा असता तर न्याय मिळाला असता, असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट यातून दिसते. अहवालातला "इजा नाही" हा शेरा किती गोष्टी झाकू शकतो! कोणत्या उजेडात पाहिलं? किती वेळाने? काही सूज, काही वळ दुसऱ्या तिसऱ्या दिवशी वर येतात, तेव्हा परत कोणी पाहिलं का? शेरा एकदा लिहिला की नंतर कोणालाही तो तपासता येत नाही. फोटो निदान तपासता तरी येतो.

त्यात आपल्या कातडीचा प्रश्न आहे. सावळ्या त्वचेवर काळानिळा वळ साध्या उजेडात सहज दिसत नाही. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या कॅथरीन स्काफिड यांच्या गटाने २०२० मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ४१५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश आणि पिवळा चष्मा वापरला तर साध्या पांढऱ्या प्रकाशापेक्षा वळ दिसण्याची शक्यता पाचपट असते, असं त्यात निघालं. म्हणजे "इजा नाही" हा कधी कधी उजेडाचा निष्कर्ष असतो, शरीराचा नसतो.

आपल्याकडे यावर काम झालंच नाही असं नाही. २०१० मध्ये वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यकाचे डॉक्टर इंद्रजित खांडेकर यांनी अत्याचाराच्या प्रकरणांतल्या वैद्यकीय तपासण्या किती वाईट होतात यावर सविस्तर अहवाल लिहिला. तो अहवाल नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेत गेला, आणि त्यातून राज्यात तपासणीचे नमुने बदलण्याची प्रक्रिया सुरू झाली. २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानेही मार्गदर्शक सूचना काढल्या. कोठडीतल्या माणसांसाठी याआधीच पावलं पडली होती. कोठडीतल्या मृत्यूच्या शवविच्छेदनाचं व्हिडिओ चित्रण करा, असं पत्र राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १० ऑगस्ट १९९५ ला राज्यांना पाठवलं. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेच्या वेळी माणसाच्या अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची लेखी नोंद झाली पाहिजे.

या सगळ्यामागे एकच समज आहे. जखम भरते, कागद राहतो. मग कागद असा हवा की जखमेच्या जागी तो उभा राहू शकेल.

तीन वर्तुळांची पट्टी

चला, आता माझ्या धंद्याकडे.

जखमेच्या फोटोत पट्टी ठेवायची हे कोणालाही सुचेल. पण घोळ कुठे होतो बघा. जेवणाचं ताट समोर धरा. वरून पाहिलं तर गोल, बाजूने पाहिलं तर लंबगोल. ताट तेच. म्हणजे कॅमेरा तिरका असेल तर एका दिशेची मापं आक्रसतात. साधी सरळ पट्टी ज्या दिशेला ठेवली तिथलंच माप सांगते, आडव्या दिशेचं नाही.

यावर १९८८ मध्ये विल्यम हायझर आणि थॉमस क्रॉस या दोघांनी उपाय सुचवला. क्रॉस दंतवैद्य, हायझर फोटोवरून मोजणीचा जाणकार. त्यांनी एक काटकोनी पट्टी बनवली. दोन्ही बाजूंवर मिलिमीटरच्या खुणा आणि तिच्यावर तीन वर्तुळं. जगभरातल्या न्यायवैद्यक फोटोंमध्ये तुम्हाला हीच पट्टी दिसेल. एबीएफओ क्रमांक दोन हे तिचं नाव.

वर्तुळं कशाला? फोटोत ती गोल दिसली तर कॅमेरा सरळ होता. लंबगोल दिसली तर तिरका होता, आणि किती तिरका होता ते त्या लंबगोलावरून काढता येतं. मग सॉफ्टवेअरमध्ये फोटो असा ओढायचा की वर्तुळं परत गोल होतील. त्याबरोबर जखमही सरळ होते. आम्ही कारखान्यात बुद्धिबळाच्या पटासारखा चौकटींचा ठोकळा ठेवून हेच करतो. तत्त्व एकच.

पण एक अट आहे. पट्टी जखमेच्याच पातळीवर हवी. कातडीला टेकलेली, तेवढ्याच उंचीवर. ही अट मोडली तर काय होतं ते दादाच्या फोटोत बघा.

चारपैकी एका फोटोत हाताशेजारी गादीवर बँडेजची न फोडलेली गुंडाळी पडली होती. वेष्टनावर रुंदी वाचता येत होती, दहा सेंटिमीटर. मी आनंदाने ओरडलोच. हीच माझी पट्टी! गुंडाळीच्या हिशोबाने जखम निघाली ७.१ सेंटिमीटर.

मग डोकं थंड झालं. गुंडाळी गादीवर होती आणि हात उशीवर. म्हणजे जखम कॅमेऱ्याच्या जवळ, गुंडाळी लांब. जवळची वस्तू मोठी दिसते. कॅमेरा जखमेपासून तीस सेंटिमीटरवर आणि गुंडाळी त्याखाली पाच सेंटिमीटर धरली, तर ७.१ गुणिले ३० भागिले ३५, म्हणजे साधारण ६.१. कॅमेरा वीस सेंटिमीटरवर आणि गुंडाळी आठ सेंटिमीटर खाली धरली तर उत्तर ५.१. तोच फोटो, तीच जखम.

खरं अंतर किती होतं? मूळ फाइलमध्ये भिंगाची माहिती असते, त्यावरून थोडा अंदाज आला असता. पण पुतण्याने दरम्यान फोन बदलला होता. शिल्लक होत्या त्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या प्रती. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि आतली माहिती गळून पडते.

शिवाय हात काही सपाट नसतो. मनगटापासून कोपरापर्यंत तो गोल आहे, आणि गोल वस्तूवरचं वळसा घेणारं माप एका फोटोत येत नाही. यासाठी स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातल्या मिखाएल थाली, रिखार्ड डिर्नहोफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला त्रिमितीय पद्धत विकसित केली. वेगवेगळ्या कोनांतून फोटो घ्यायचे, त्यातून जखमेचं त्रिमितीय रूप उभं करायचं, संशयित हत्याराचंही तसंच करायचं, आणि दोन्ही एकमेकांवर बसतात का ते बघायचं. मायडेनबाउअरने चर्चच्या भिंतीला जे केलं तेच माणसाच्या शरीराला.

माप आणि नाव

आता तो मघाचा धागा. माप नीट घेतलं, तरी त्यातून गुन्हेगाराचं नाव निघतं का?

१६ डिसेंबर २०१२ चं दिल्लीचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या सफदरजंग रुग्णालयात पीडितेच्या अंगावरच्या चाव्याच्या खुणांचे फोटो काढले गेले. ते फोटो आणि आरोपींच्या दातांचे साचे आपल्या सीमेपलीकडे धारवाडला गेले, तिथल्या एसडीएम दंत महाविद्यालयातले डॉक्टर आशिथ आचार्य यांच्याकडे. त्यांनी अहवाल दिला की किमान तीन खुणा एका आरोपीच्या दातांशी जुळतात आणि एक बहुधा दुसऱ्याची. ५ मे २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा पुरावा मान्य केला. पण तो एकटा नव्हता. डीएनए होता, साक्षीदार होता, पीडितेचे मृत्यूपूर्व जबाब होते.

आता अ‍ॅरिझोनातला रे क्रोन बघा. १९९२ मध्ये खुनासाठी दोषी, फाशीची शिक्षा. मुख्य पुरावा काय, तर त्याचे वाकडे दात मृताच्या अंगावरच्या खुणेशी जुळतात. २००२ मध्ये डीएनएने दाखवलं की गुन्हेगार दुसराच. दहा वर्षं गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ च्या अहवालात आणि तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०२२ च्या आढाव्यात दाखवून दिलं की चाव्याच्या खुणेवरून माणूस ओळखण्याला पुरेसा शास्त्रीय पाया नाही. कातडी ताणते, सुजते, आक्रसते. ती काही मेण नव्हे.

लक्षात घ्या, पट्टी खोटी ठरली नाही. चाव्याची खूण इतके मिलिमीटर रुंद होती, हे विधान आजही तितकंच पक्कं आहे. डगमगलं ते पुढचं विधान, की म्हणून हा चावा याचाच.

आणि आमच्या जिल्ह्याला तर हे वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. खटला नगरच्या सत्र न्यायालयात चालला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या न्यायालयापुढचे सगळे आरोपी सुटले. जखमा फितूर होत नाहीत, हे खरं. पण जखमा नावही सांगत नाहीत. ते माणसांनाच सांगावं लागतं, आणि माणसांना बोलता येईल एवढं सुरक्षित वाटावं लागतं.

मी काय सांगितलं

तर दोन रात्रींनंतर मी गावी गेलो. ओसरीवर दादा, अण्णा, वकीलसाहेब. मी म्हणालो, जखम पाच ते सात सेंटिमीटरच्या मध्ये कुठेतरी. कडा स्वच्छ होत्या की फाटलेल्या, ते या फोटोंतून सांगता येत नाही.

अण्णा म्हणाले, "सात म्हण की मग."

मंडळी, खरं सांगतो, म्हणता आलं असतं. गुंडाळीचा आकडा सातच येत होता. कोणाला काय कळणार? रंगीत रेघा मारून चार पानांचा छान अहवाल करता आला असता. आणि माझा दादावर विश्वास आहे. वार कोयत्याचाच होता, असं मला आजही वाटतं. पण मला वाटतं आणि फोटोत दिसतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्तियोंलाही ड्रेफस दोषी वाटत होता. पट्ट्या त्याने नंतर टाकल्या.

मी सात म्हणालो नाही. वकीलसाहेबांनी मान हलवली आणि फोटो बाजूला ठेवले. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत, मग उठताना म्हणाले, "एवढं शिकून काय उपयोग?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. केस अजून चालू आहे. दादाच्या हातावरचा व्रण मी मोजलाय, पण व्रण वर्षांनुवर्षं आक्रसत जातो, तो त्या रात्रीची जखम नव्हे.

म्हणून निदान तुमच्यासाठी, देव करो आणि वेळ न येवो, पण आली तर हे लक्षात ठेवा. उपचार आधी. मग तीन प्रकारचे फोटो: माणूस ओळखू येईल असा लांबून, शरीराचा भाग कळेल असा मध्यम, आणि जवळून. जवळचा एक पट्टी न ठेवता, एक पट्टीसह. पट्टी कातडीच्या पातळीवर, जखम न झाकता, कॅमेरा अगदी समोर. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं, तो २७ मिलिमीटरचा असतो. फक्त ते जखमेला लागू देऊ नका. फ्लॅशशिवायही एक फोटो घ्या. एक-दोन दिवसांनी परत काढा. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा, प्रत हवी तर केबलने घ्या. आणि डॉक्टरांना नम्रपणे म्हणा, "साहेब, लांबी-रुंदी लिहिता का?" हा एक प्रश्न आम्ही त्या रात्री विचारला असता तर हा भाग झालाच नसता.

मूळ फाइलचं एवढं कशाला? तर ऐका, हा कायदा ठरला आपल्या जालन्यावरून. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले. कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं की उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर भरला. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला निकाल आला: इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र लागणारच. मूळ साधनच न्यायालयात हजर केलं तर गोष्ट वेगळी. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तर त्या प्रमाणपत्रावर फाइलचा हॅशही लिहायचा आहे. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समजा, एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. अण्णांच्या कपाटात औषधांच्या डब्याशेजारी एक प्लास्टिकची पट्टी दिसली, शाळेतल्या पोरांची असते तशी, पंधरा सेंटिमीटरची. विचारलं, ही इथे कशी? म्हणाले, "राहू दे. लागली तर असावी."

लागू नये, अण्णा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.